समान अंतराचे जाळे : राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संगणकजाळ्याचे नियोजन व व्यवस्थापन (१९९४ ते २०२१)

प्रस्तावना

एखाद्या व्यवसायसंस्थेची निरनिराळ्या शहरांतील कार्यालये परस्परांशी जोडणाऱ्या संगणकजाळ्यास वाइड एरिया नेटवर्क, संक्षेपाने 'वॅन', असे म्हटले जाते. आपल्या महाविद्यालयांतून हा विषय संगणकशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. तेथे त्याची मांडणी स्तर, प्रोटोकॉल, बँडविड्थ व राउटर या क्रमाने होते. वाणिज्य शाखेत राष्ट्रीय शेअर बाजाराचा, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचा, इतिहास शिकवला जातो. परंतु तेथे भर असतो तो भांडवल, नियमन व उलाढाल यांवर. हा बाजार मुळात एक संगणकजाळेच होता आणि त्या जाळ्याची आखणी करताना घेतलेल्या निर्णयांतूनच बाजाराचे स्वरूप घडले, ही बाब दोन्ही शाखांच्या मधल्या जागेत हरवून जाते. प्रस्तुत लेखात या मधल्या जागेचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. वॅनच्या नियोजनात खर्च, वेग व विश्वासार्हता हे तीन निकष सामान्यतः सांगितले जातात. शेअर बाजाराच्या जाळ्यास मात्र चौथा निकष लागू होतो, तो म्हणजे न्याय्यतेचा. जाळ्याच्या कोणत्या टोकास माहिती आधी पोहोचते व कोणत्या टोकाचा आदेश आधी स्वीकारला जातो, हे जाळ्याची रचनाच ठरवत असते. १९९४ साली उपग्रहाच्या साहाय्याने उभारलेल्या जाळ्याने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला होता. पुढे जाळे जसजसे वेगवान झाले, तसतसा तो प्रश्न नव्या रूपात परत आला. म्हणूनच जाळ्याचे नियोजन केवळ तंत्रज्ञांवर सोपवण्याजोगा विषय नाही, असे या इतिहासावरून दिसते.

पार्श्वभूमी : तार, टेलिफोन आणि विखुरलेला बाजार

भारतातील संदेशवहनावर दीर्घकाळ शासनाची मक्तेदारी होती. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अधिकार शासनाकडे ठेवला आणि इतरांना तो परवान्याने देण्याची तरतूद केली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत, म्हणजे सुमारे एकशेअडतीस वर्षे, याच कायद्याच्या चौकटीत देशातील प्रत्येक खासगी जाळ्याला आपली जागा शोधावी लागली. १९८६ साली मुंबई व दिल्ली या शहरांसाठी महानगर टेलिफोन निगमची स्थापना झाली; उर्वरित देशातील सेवा दूरसंचार विभागाकडे राहिली. एखाद्या कंपनीस मुंबई व नागपूर येथील कार्यालयांत संगणकीय जोडणी हवी असल्यास तिला भाडेतत्त्वावरील वाहिनी, म्हणजे लीज्ड लाइन, मागावी लागे. ती कधी मिळेल आणि मिळाल्यावर किती काळ सुरू राहील, हे दोन्ही कंपनीच्या हाती नसे.

शासकीय क्षेत्रात या अडचणीवर उपाय निघाला होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकात निकनेट हे उपग्रहाधारित जाळे उभारून जिल्ह्यांची मुख्यालये राजधानीशी जोडली. रेल्वेने १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू केले. परंतु दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही तिची पाच आरक्षण केंद्रे एकमेकांशी पूर्णपणे जोडली जाण्यास १९९९ साल उजाडले. संगणक बसवणे एक वेळ सोपे होते, संगणकांना जोडणे कठीण होते, असे या काळाचे वर्णन करता येईल.

शेअर बाजाराची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. १८७५ साली स्थापन झालेला मुंबई शेअर बाजार हा देशातील प्रमुख बाजार होता. दलाल स्ट्रीटवरील इमारतीच्या रिंगणात दलाल व जॉबर, ज्यांना तरावणीवाले म्हटले जाई, मोठ्याने भाव पुकारून सौदे करीत. देशातील इतर शहरांत प्रादेशिक बाजार होते. पुण्याचा बाजार १९८२ पासून कार्यरत होता. एकाच कंपनीच्या समभागाचा भाव एकाच वेळी दोन शहरांत वेगळा असे आणि त्या फरकावर टेलिफोनच्या आधारे व्यवहार करणारा एक वर्ग प्रत्येक शहरात होता. रिंगणात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाला भाव प्रथम कळे, त्याच्याशी टेलिफोनवर बोलणाऱ्यास त्यानंतर आणि सोलापूर किंवा जळगाव येथील गुंतवणूकदारास बहुधा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळे. सौदा नेमका कोणत्या भावाने व कोणत्या क्षणी झाला, हे तपासण्याचे कोणतेही साधन त्या गुंतवणूकदाराकडे नसे. बाजारापासूनचे अंतर ही एक आर्थिक किंमत होती आणि ती दूरच्या माणसाने मोजायची होती.

नवा बाजार आणि जाळ्याची निवड

एम. जे. फेरवानी यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९१ साली राष्ट्रीय पातळीवरील बाजारव्यवस्थेची शिफारस केली. १९९२ साली उघडकीस आलेल्या रोखे घोटाळ्याने या शिफारशीची निकड अधोरेखित केली. त्याच वर्षी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळास, म्हणजे सेबीस, वैधानिक दर्जा मिळाला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची कंपनी म्हणून नोंदणी झाली. आयडीबीआय व अन्य वित्तसंस्था तिच्या प्रवर्तक होत्या आणि डॉ. आर. एच. पाटील हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक होते. एप्रिल १९९३ मध्ये तिला शेअर बाजार म्हणून मान्यता मिळाली. जून १९९४ मध्ये कर्जरोख्यांच्या घाऊक बाजाराचे आणि ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांच्या बाजाराचे कामकाज सुरू झाले.

देशभरातील गुंतवणूकदारांना योग्य संदेशवहन जाळ्याच्या साहाय्याने समान प्रवेश मिळवून देणे, हे या संस्थेच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक होते. उद्दिष्टातच जाळ्याचा उल्लेख असणे ही लक्षणीय बाब होय. जुन्या बाजाराची व्याख्या जागेने होत असे. नव्या बाजाराला रिंगणच नव्हते. सभासद आपल्या कार्यालयातील संगणकावरून आदेश देणार, मुंबईतील मध्यवर्ती संगणक ते आदेश जुळवणार आणि भाव सर्वांच्या पडद्यावर एकाच वेळी दिसणार, अशी कल्पना होती. पडद्यावरील व्यवहारांचा प्रयोग ओव्हर द काउंटर एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेने १९९२ पासून केला होता, परंतु त्याची व्याप्ती मर्यादित राहिली. देशव्यापी बाजारासाठी देशव्यापी जाळे आवश्यक होते.

नियोजनकर्त्यांपुढे मुख्यतः दोन पर्याय होते. पहिला पर्याय दूरसंचार विभागाकडून भाडेतत्त्वावर वाहिन्या घेण्याचा होता. प्रत्येक सभासदाच्या कार्यालयापासून मुंबईपर्यंतची वाहिनी अनेक एक्स्चेंज, केबली व जोडण्या यांमधून जाणार होती. साखळीतील एक कडी निसटली तरी त्या सभासदाचा बाजार बंद पडणार होता. शिवाय दुरुस्तीची जबाबदारी अनेक कार्यालयांत विभागलेली असल्याने दोष कोठे आहे, हे शोधण्यातच दिवस जाण्याची शक्यता होती. दुसरा पर्याय उपग्रहाचा होता. सभासदाच्या गच्चीवर व्हीसॅट नावाची लहान तबकडी बसवायची, ती उपग्रहाशी थेट बोलणार आणि उपग्रह मुंबईतील भूकेंद्राशी बोलणार. मध्ये एकही टेलिफोन एक्स्चेंज, खांब वा भूमिगत केबल येणार नव्हती.

घाऊक कर्जरोख्यांच्या बाजारातील सभासदांसाठी ६४ केबीपीएस क्षमतेच्या वाहिन्या व व्हीसॅट असा दुहेरी मार्ग अवलंबण्यात आला. समभागांच्या बाजारात सभासद अनेक शहरांत विखुरलेले राहणार असल्याने तेथे व्हीसॅटवर भिस्त ठेवण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने हे जाळे बंदिस्त गटापुरते होते. सार्वजनिक टेलिफोन यंत्रणेशी ते जोडण्यास मुभा नव्हती. ही मर्यादा व्यवस्थापनाच्या दृष्टीने काहीशी हिताची ठरली असावी, कारण जाळ्याचा संपूर्ण ताबा एकाच संस्थेकडे राहिला. दोष कोणाचा, हा वाद उद्भवण्याचा प्रसंग त्यामुळे क्वचितच येणार होता.

रचना : बहात्तर हजार किलोमीटरची समानता

या जाळ्याची रचना तारकाकृती होती. मध्यभागी मुंबईचे भूकेंद्र व त्याच्याशी जोडलेला स्ट्रॅटस कंपनीचा दोषसहिष्णु संगणक होता. टोकांना सभासदांची व्हीसॅट केंद्रे होती. एक व्हीसॅट दुसऱ्या व्हीसॅटशी थेट बोलत नसे. प्रत्येक संदेश मध्यवर्ती केंद्रातूनच जाई. संदेशांची वाहतूक एक्स.२५ या प्रोटोकॉलने होई. संदेशाचे पुडके पोहोचल्याची पोच घेणे व चूक आढळल्यास ते पुन्हा मागवणे ही त्याची पद्धत असल्याने ज्या व्यवहारात एकही आकडा चुकता कामा नये त्यासाठी तो योग्य होता. जाळ्यासाठी सी-पट्ट्याचा विस्तारित भाग वापरण्यात आला. अधिक वरच्या केयू-पट्ट्याच्या तुलनेत सी-पट्ट्यातील लहरी पावसाने कमी क्षीण होतात. ज्या देशात बाजार चार महिने मोसमी पावसात चालतो, तेथे ही बाब गौण नव्हती.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. भूमीवरून उपग्रहापर्यंत व तेथून पुन्हा भूमीवर हा प्रवास किमान सुमारे बहात्तर हजार किलोमीटरचा होतो. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरींनाही त्यासाठी जवळपास पाव सेकंद लागतो. आदेश जाऊन त्याची पोच परत यावयास अर्धा सेकंद. संगणकजाळ्यांच्या पाठ्यपुस्तकांत या विलंबाची नोंद उपग्रहाचा प्रमुख दोष म्हणून केली जाते.

शेअर बाजाराच्या संदर्भात मात्र याच दोषाचा एक अनपेक्षित गुण होता. मुंबईत भूकेंद्राच्या शेजारच्या इमारतीत बसलेल्या सभासदाचा आदेश व्हीसॅटवरून जात असेल, तर तोही अवकाशातूनच जाऊन परत येई. गुवाहाटी, कोची वा राजकोट येथील सभासदाचा आदेशही तोच मार्ग घेई. भूमीवरील हजार-दोन हजार किलोमीटरचे अंतर बहात्तर हजार किलोमीटरच्या प्रवासात जवळजवळ विरून जाई. देशातील दोन शहरांच्या प्रवासकाळांतील फरक काही मिलिसेकंदांच्या पलीकडे जात नसे. भावांचे प्रक्षेपण तर याहून अधिक समान होते. मध्यवर्ती केंद्र एकच वाहक लहर सोडी आणि उपग्रहाच्या छायेतील सर्व तबकड्या ती एकाच वेळी ग्रहण करीत. कोणाला आधी पाठवावे व कोणाला नंतर, हा प्रश्न त्या रचनेत उद्भवतच नव्हता.

या समानतेचे महत्त्व बाजाराच्या नियमांमुळे वाढते. पडद्यावरील बाजारात आदेशांची जुळवणी भाव व वेळ यांच्या अग्रक्रमाने होते. अधिक चांगला भाव देणारा आदेश आधी. भाव सारखा असल्यास जो आदेश मध्यवर्ती संगणकाकडे आधी पोहोचला तो आधी. म्हणजेच जाळ्यातील विलंब हा केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही, तो रांगेतील क्रमांक ठरवतो. रिंगणात ज्याचा आवाज मोठा व जागा मोक्याची त्याचा लाभ होई. संगणकीय बाजारात ज्याचे जाळ्यावरील अंतर कमी त्याचा लाभ होणार. उपग्रहाने सर्वांचे अंतर सारखेच मोठे करून ठेवले आणि त्या लाभाची शक्यता मर्यादित केली.

अर्थात ही समानता परिपूर्ण होती असे समजण्याचे कारण नाही. परतीच्या मार्गावर अनेक व्हीसॅट एकच वाहिनी वाटून घेत असल्याने प्रत्येकास आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागे व गर्दीच्या वेळी हे थांबणे वाढे. परंतु हा विलंब शहराच्या नकाशातील स्थानावर अवलंबून नव्हता. दुसरी मर्यादा सामाजिक होती. तबकडी सभासद दलालाच्या गच्चीवर होती, गुंतवणूकदाराच्या नव्हे. तालुक्याच्या गावातील माणूस उपदलालामार्फत व टेलिफोनवरच व्यवहार करीत राहिला. जाळ्याने बाजारापासून शहरांचे अंतर मिटवले. शहरापासून गावाचे अंतर मात्र तेवढेच राहिले.

व्यवस्थापन : सूर्य, उपग्रह आणि पर्यायी स्थळ

जाळे उभारणे ही एकदा करावयाची गोष्ट आहे; ते चालवणे ही रोजची. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या जाळ्याचा विस्तार वेगाने होत गेला. नव्या शतकाच्या प्रारंभी सुमारे तीन हजार व्हीसॅट केंद्रे व तीनशेहून अधिक शहरे असा त्याचा पसारा होता. एवढ्या टोकांचे व्यवस्थापन एका केंद्रातून करावयाचे, तर प्रत्येक टोकाची अवस्था केंद्रास दिसली पाहिजे व बिघाड सभासदाने कळवण्यापूर्वी लक्षात आला पाहिजे. तारकाकृती रचनेने हे सुलभ केले. त्याच रचनेमुळे केंद्र वा उपग्रह यांपैकी एकात बिघाड झाल्यास सर्वच टोके एकदम बंद पडण्याचा धोकाही निर्माण झाला.

याचे एक नियमित रूप दरवर्षी दोनदा दिसे. वसंत संपाताच्या थोडे आधी व शरद संपाताच्या थोडे नंतर काही दिवस असे येतात, की भूकेंद्रावरून पाहता सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. सूर्यापासून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण संदेश बुडून जातो. एका ठिकाणी हा व्यत्यय काही मिनिटांचाच असतो. परंतु देशातील निरनिराळ्या शहरांत तो वेगवेगळ्या वेळी येत असल्याने संपूर्ण जाळ्याच्या दृष्टीने तो अधिक काळ चालतो. या दिवसांत शेअर बाजार परिपत्रक काढून दुपारच्या सुमारास व्यवहार काही काळ थांबवीत असे. यामागील निर्णय विचार करण्याजोगा आहे. ज्या शहरांत व्यत्यय नाही तेथील सभासदांना व्यवहार करू देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. तसे न करता सर्वांसाठी बाजार थांबवला गेला. काहींना दिसणारा व काहींना न दिसणारा बाजार चालू ठेवण्यापेक्षा कोणालाच न दिसणारा बाजार अधिक न्याय्य, असे तत्त्व या व्यवस्थापनात अनुस्यूत होते.

अनियमित संकट ऑक्टोबर १९९७ मध्ये आले. त्याच वर्षी ४ जून रोजी प्रक्षेपित झालेला इन्सॅट-२डी हा उपग्रह विद्युतपुरवठ्यातील बिघाडामुळे चार महिन्यांतच निकामी झाला. त्यावर अवलंबून असलेल्या सेवा खंडित झाल्या आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या व्हीसॅट जाळ्यासही त्याचा मोठा फटका बसून व्यवहार ठप्प झाले. उपग्रह बदलावयाचा म्हणजे देशभरातील प्रत्येक तबकडीची दिशा नव्याने साधावी लागते. हे काम केंद्रातून होत नाही; प्रत्येक गच्चीवर माणसाला चढावे लागते. केंद्रीभूत जाळ्याची देखभाल अखेर विकेंद्रित मनुष्यबळावरच अवलंबून असते, याचा हा प्रत्यय होता. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने पुढे कक्षेतच असलेला अरबसॅट-१सी हा उपग्रह खरेदी करून ही उणीव अंशतः भरून काढली.

एकाच केंद्रावर विसंबण्याचा धोका कमी करण्यासाठी चेन्नई येथे पर्यायी स्थळ उभारण्यात आले. मुंबईतील यंत्रणेची ती प्रतिकृती होती. तेथे स्वतंत्र भूकेंद्र होते आणि मुंबईतील व्यवहारांची माहिती वेगवान वाहिन्यांवरून जवळजवळ तत्काळ तेथे पाठवली जाई. जाळ्याच्या नियोजनात पर्यायी स्थळाचा खर्च हा नेहमी वादाचा विषय असतो, कारण ते सुरळीत दिवसांत निरुपयोगी दिसते. त्याचा खरा प्रश्न खर्चाचा नसून अधिकाराचा असतो. मुख्य स्थळ सोडून पर्यायी स्थळाकडे वळण्याचा निर्णय कोणी व किती मिनिटांत घ्यावयाचा, हे आधीच ठरलेले नसल्यास प्रतिकृती असूनही तिचा उपयोग होत नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

परिणाम : रिंगणाचा अस्त

राष्ट्रीय शेअर बाजार सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १९९५ मध्ये, मुंबई शेअर बाजाराने बोल्ट ही स्वतःची पडद्यावरील व्यवहारप्रणाली आणली आणि दलाल स्ट्रीटवरील पुकाऱ्याचे युग संपले. परंतु बोल्टचे जाळे आरंभी मुंबईपुरते होते. त्याचा देशव्यापी विस्तार १९९७ मध्ये झाला. दरम्यानच्या काळात, स्थापनेपासून साधारण वर्षभरातच, राष्ट्रीय शेअर बाजाराची उलाढाल एकशेवीस वर्षांच्या जुन्या बाजाराच्या पुढे गेली होती. यामागे नव्या संस्थेची व्यावसायिक मालकी, व्यवहारपूर्तीची हमी अशी अन्य कारणेही होती. तथापि दोन्ही बाजारांकडे संगणक असताना एकाकडेच देशव्यापी जाळे होते, ही वस्तुस्थिती या स्थित्यंतरात निर्णायक ठरली, असे म्हणावे लागेल.

प्रादेशिक बाजारांवरील परिणाम अधिक खोल होता. त्यांचे अस्तित्वच अंतरावर आधारलेले होते. पुण्यातील दलालास मुंबईचा भाव त्याच क्षणी दिसू लागल्यावर व तेथेच आदेश देता येऊ लागल्यावर पुण्यात वेगळा भाव असण्याचे कारण उरले नाही. दोन शहरांतील भावफरकावर चालणारा व्यवसाय संपला. सभासद राहिले, पण ते राष्ट्रीय जाळ्याचे टोक म्हणून. २०१२ साली सेबीने निष्क्रिय बाजारांसाठी बाहेर पडण्याचे धोरण जाहीर केले आणि २०१५ मध्ये पुणे शेअर बाजाराची शेअर बाजार म्हणून असलेली मान्यता संपुष्टात आली. जाळ्याने समान प्रवेश दिला. त्याच जाळ्याने सर्व प्रवेशांचे एकच दार केले. प्रादेशिक भांडवलबाजाराचे जे काही स्थानिक ज्ञान व स्थानिक उत्तरदायित्व होते, ते या प्रक्रियेत लोप पावले. त्याची गणना जमाखर्चात सहसा होत नाही.

भूमीवर पुनरागमन : अंतराचे मूल्य परत येते

२००० साली इंटरनेटवरून व्यवहारास परवानगी मिळाली आणि बाजाराचे दार गुंतवणूकदाराच्या घरापर्यंत आले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर खासगी कंपन्यांनी ऑप्टिकल फायबरची जाळी विणली, वाहिन्यांचे दर उतरले व विश्वासार्हता वाढली. व्हीसॅटची जागा हळूहळू भूमीवरील वाहिन्यांनी घेतली. पाव सेकंदाचा विलंब काही मिलिसेकंदांवर आला. ही निःसंशय प्रगती होती.

परंतु फायबरमध्ये प्रकाश भूगोलाचे नियम पाळतो. मुंबईतील सभासदाचा आदेश गुवाहाटीच्या सभासदाच्या आदेशापूर्वी पोहोचू लागला. संगणकाने स्वयंचलित आदेश देण्याची पद्धत रूढ झाल्यावर या फरकास किंमत आली. २००९ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने को-लोकेशनची सुविधा सुरू केली. सभासदाने शुल्क भरून आपला संगणक बाजाराच्या संगणककेंद्रातच ठेवावयाचा, म्हणजे जाळ्याची लांबी काही मीटरवर येते. अंतर पुन्हा विकत घेण्याजोगी वस्तू झाली. रिंगणातील मोक्याची जागा नाहीशी झाली होती, ती आता यंत्रांच्या कपाटाच्या रूपाने परत आली.

पुढे या सुविधेबाबत जो वाद उद्भवला, त्याच्या केंद्रस्थानी जाळ्याच्या रचनेतील एक तपशील होता. बाजारातील प्रत्येक बदलाची माहिती को-लोकेशनमधील सभासदांना टीसीपी/आयपी पद्धतीने, प्रत्येकास स्वतंत्रपणे पाठवली जात होती. या पद्धतीत एकच माहिती एकामागून एक अशी वितरित होते; जो आधी जोडला गेला त्यास ती आधी मिळते. २०१५ मध्ये या संदर्भातील तक्रारी जाहीर झाल्या. सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात या रचनेवर ताशेरे ओढून बाजारास सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह जमा करण्यास सांगितले. प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये ही रक्कम रद्द केली, परंतु योग्य दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचे आरोप पुराव्याअभावी निकाली काढले.

या वादातील व्यक्तींचे दोषादोष हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. येथे महत्त्वाचे आहे ते एवढेच, की १९९४ च्या जाळ्यात भावांचे प्रक्षेपण सर्वांना एकाच लहरीने होत असे आणि त्यानंतरच्या, कितीतरी अधिक वेगवान अशा व्यवस्थेत ते क्रमाने होऊ लागले. २०१४ मध्ये बाजाराने मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी सर्वांना प्रसारण करणारी पद्धत स्वीकारली. उपग्रहाने निसर्गतः जे दिले होते, ते आता नियोजनपूर्वक निर्माण करावे लागले.

दोन कंपन्या, एक रस्ता

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार थांबले. ते पूर्ववत होण्यास दुपारचे पावणेचार वाजले आणि त्या दिवशी बाजार सायंकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. बाजाराने आपल्या दोन स्थळांमधील जोडणीसाठी दोन स्वतंत्र दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या घेतल्या होत्या. कागदावर ही तरतूद निर्दोष होती. परंतु बाजाराच्या स्पष्टीकरणानुसार दोन्ही स्थळांमधील रस्त्यावर चाललेल्या खोदकाम व बांधकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या वाहिन्या बाधित झाल्या आणि त्याचा परिणाम माहितीसाठ्याच्या यंत्रणेवर व पर्यायाने जोखीम व्यवस्थापनावर झाला. दूरचे पर्यायी स्थळ का वापरले गेले नाही, हा प्रश्नही त्यानंतर उपस्थित झाला.

या घटनेत दोन धडे आहेत. पहिला असा, की वाहिन्या पुरवणाऱ्या कंपन्या दोन असल्या म्हणजे मार्ग दोन असतात असे नाही. जाळ्याच्या आराखड्यात दोन रेषा काढलेल्या असतात; रस्त्याखाली मात्र चर एकच असू शकतो. दुसरा धडा चेन्नईच्या संदर्भात वर नमूद केलेलाच आहे. पर्यायी व्यवस्था असणे आणि ती वापरण्याचा निर्णय वेळेवर होणे, या निराळ्या गोष्टी आहेत. १९९४ साली ज्या खांबांना, केबलींना व खोदकामाला टाळण्यासाठी आकाशाचा मार्ग पत्करला होता, त्यांच्याशीच सत्तावीस वर्षांनी पुन्हा गाठ पडली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. व्यवसायाच्या वॅनचे नियोजन हे त्या व्यवसायाच्या उद्दिष्टापासून वेगळे करता येत नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाचा स्वीकार केला, त्यामागे तत्कालीन दूरसंचार सेवेची अवस्था हे कारण होतेच. परंतु समान प्रवेशाचे उद्दिष्ट त्या स्वीकारामुळेच साध्य होऊ शकले.

२. वेग व न्याय्यता हे निकष नेहमी एकाच दिशेने जात नाहीत. मंद जाळे सर्वांना सारखेच मंद असल्यास त्यात कोणी मागे पडत नाही. जाळे वेगवान करताना पूर्वीच्या रचनेत आपोआप मिळणारी कोणती समानता आपण गमावत आहोत, याचा विचार नियोजनाच्या टप्प्यावरच झाला पाहिजे.

३. विश्वासार्हता ही उपकरणांच्या संख्येने येत नाही. मार्ग खरोखर स्वतंत्र आहेत काय आणि संकटसमयी निर्णय कोण घेणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच लिहिलेली असावी लागतात.

४. जाळे ज्यांना जोडते त्यांचा विचार होतो. जे जाळ्यामुळे अनावश्यक ठरतात, जसे प्रादेशिक बाजार, त्यांचा होत नाही. जाळ्याच्या इतिहासात या दुसऱ्या बाजूची नोंद होणे आवश्यक आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रोटोकॉल शिकताना त्यातून कोणास आधी व कोणास नंतर मिळणार हे विचारावयास शिकले पाहिजे आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याने बाजाराचा अभ्यास करताना त्याच्या तारा कोठून जातात हे पाहिले पाहिजे. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात अन्याय होत असल्यास तो उघड्या डोळ्यांना दिसे. जाळ्यातील अन्याय मिलिसेकंदात होतो व तो पाहण्यासाठी रचना समजून घ्यावी लागते. ती समज देणे हे दोन्ही शाखांच्या अध्यापकांचे संयुक्त कार्य होय.